लाइट गेली की तासाभरात लॅपटॉप बंद. बॅटरी बदलू की आधी काही तपासू?

पाटीपेन्सिल (देवरुख), 8 जुलै, रात्री 10:35

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील.

मी देवरुखला दहावीचं बीजगणित आणि भूमिती शिकवते. संध्याकाळी दोन ऑनलाइन बॅच असतात, साडेसहा ते पावणेआठ आणि आठ ते सव्वानऊ. मुलं आसपासच्या वाड्यांमधली आहेत. पावसाळ्यात अंधार पडल्यावर त्यांना घरी परतायला वाहन मिळत नाही, म्हणून हा खटाटोप. घरात इन्व्हर्टर नाही. राउटरला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लावलाय, त्यामुळे लाइट गेली तरी नेट चालू राहतं. प्रश्न फक्त लॅपटॉपचा.

लॅपटॉप 2022 च्या जूनमध्ये घेतलेला. विंडोज 11, 8 जीबी रॅम. पहिल्या पावसाळ्यात लाइट गेली तरी दुसरी बॅच संपत येईपर्यंत टिकायचा. आता काय होतं ते कालच्या उदाहरणाने सांगते. 7:05 ला लाइट गेली तेव्हा बॅटरी 100 होती. 8:10 ला, वर्गसमीकरणाचं सूत्र लिहीत असताना, स्क्रीन काळी. कोपऱ्यात तेव्हा 22 टक्के दिसत होते, मी नुकतेच बघितले होते. 22 टक्के असताना बंद कसा पडतो? उरलेला तास मी एका हातात मोबाइल वहीवर धरून शिकवलं. मुलं बिचारी शांत बसून होती, पण अर्ध्यांना अक्षर दिसत नव्हतं.

दुसरा त्रास वेगळाच. रात्री झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत ठेवला आणि सकाळी पहिल्या एसटीने रत्नागिरीला गेले, तर पोचेपर्यंत बॅग बाहेरून हाताला गरम लागत होती. उघडला तर 9 टक्के. रात्री 80 च्या वर होते.

एका दुकानात दाखवला. दहा मिनिटांत सांगितलं, बॅटरी गेली, 4,800 रुपये, बोर्डही तपासावा लागेल, दोन दिवस ठेवून जा. मी विचारलं, बॅटरी किती गेली? निम्मी, पाव, पूर्ण? त्याचं उत्तर मिळालं नाही. मी गणित शिकवते हो, आकडा कळल्याशिवाय पैसे काढायला मन तयार होत नाही. घरच्या घरी हे मोजता येतं का?

एक सांगायचं राहिलं. लॅपटॉप दिवसभर चार्जरवरच असतो. जागाही ठरलेली: माळ्यावरच्या खोलीत टेबलावर पत्र्याचा डबा, त्यावर चादरीची घडी, त्यावर लॅपटॉप, म्हणजे कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला येतो.

रानवारा, 8 जुलै, रात्री 11:02

ताई, दिवसभर चार्जर लावून ठेवता तिथेच चूक होतेय. बॅटरी पूर्ण 0 होऊ द्यायची, मग 100 पर्यंत भरायची, असं दर आठवड्याला करा. बॅटरीची सवय मोडते, मग ती परत पहिल्यासारखी चालते. माझ्या जुन्या कॉर्डलेस फोनला याने नक्की फरक पडला होता.

कथील (कोल्हापूर), 9 जुलै, सकाळी 7:20

पाटीपेन्सिलताई, मी लॅपटॉप दुरुस्तीच्या बाकावर 14 वर्षं बसतोय. तुम्ही डबा आणि चादर लिहिली नसती तर मला चार प्रश्न जास्त विचारावे लागले असते.

आधी सगळ्यात महत्त्वाचं, आकड्यांच्याही आधीचं. लॅपटॉप बंद करा आणि अगदी सपाट दगडावर ठेवा. स्वयंपाकघरातला ओटा चालेल. चारही कोपऱ्यांवर एकेक करून बोट दाबा. डगमगतो का? टचपॅड वर उचललेलं वाटतं का, किंवा त्याचं क्लिक अचानक घट्ट झालंय का? तळाच्या झाकणाची फट कुठे रुंदावलीय का? यातलं एक जरी ‘हो’ असेल तर चार्जर लावू नका, चालूही करू नका, सरळ दुरुस्तीला न्या. बॅटरी फुगली की तळलेल्या पुरीसारखी होते आणि आतून टचपॅड ढकलते. अशी पुरी टाचणीने फोडून ‘हवा काढणारे’ लोक मी पाहिलेत. कृपा करून कुणी तसं करू नका, आतला वायू आणि द्रव दोन्ही पेट घेणारे असतात.

फुगलेली नसेल तर पुढे वाचा.

स्टार्टवर उजवं क्लिक, टर्मिनल उघडा. मी गिऱ्हाइकांना फोनवर सांगतो तसंच सांगतो: पी, ओ, डब्ल्यू, ई, आर, सी, एफ, जी ही आठ अक्षरं सलग, मग एक जागा सोडा, मग तिरपी रेघ म्हणजे स्लॅश, आणि स्लॅशला चिकटून बॅटरीरिपोर्ट हा इंग्रजी शब्द सलग. एंटर. फाइल कुठे ठेवली ते विंडोजच खाली लिहून दाखवतं. ती ब्राउझरमध्ये उघडा. त्यातले तीन आकडे इथे टाका: डिझाइन कपॅसिटी (नवी असताना किती मावायचं), फुल चार्ज कपॅसिटी (आता पूर्ण भरल्यावर किती मावतं) आणि सायकल काउंट. शेवटचा काही लॅपटॉपवर येत नाही, तिथे नुसती रेघ असते. शिवाय खाली ‘बॅटरी कपॅसिटी हिस्टरी’ नावाचा तक्ता असेल, तोही नजरेखालून घाला. तुम्हाला ‘किती गेली’ हवं होतं ना, ते यात आहे. यासाठी लॅपटॉप दोन दिवस कुणाकडे ठेवावा लागत नाही.

रानवारा, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो दुसऱ्या बॅटरीचा. जुन्या कॉर्डलेस फोनमध्ये बहुधा निकेल-कॅडमियम असायची. अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा भरली की तिला खोड लागायची, म्हणून ती पूर्ण उतरवायचा सल्ला बरोबर होता. आजच्या लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन असते. 1991 मध्ये सोनीने ती पहिल्यांदा बाजारात आणली आणि 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल तिच्यासाठीच गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना मिळालं. तिला ती खोड लागत नाही. उलट दर आठवड्याला 0 ला नेलं तर ती लवकर म्हातारी होते.

पाटीपेन्सिल, 9 जुलै, दुपारी 2:15

कथीलदादा, किती नीट समजावलंत. ओट्याच्या ग्रॅनाइटवर ठेवून बघितला. डगमगत नाही. खात्रीसाठी चारही कोपऱ्यांखाली पोस्टकार्ड सरकवून पाहिलं, सगळीकडे सारखंच अडतं. टचपॅडही ठीक आहे.

आकडे असे आले:
डिझाइन कपॅसिटी 45,000 एमडब्ल्यूएच (मिलीवॅट-तास, म्हणजे 45 वॅट-तास)
फुल चार्ज कपॅसिटी 26,730 एमडब्ल्यूएच
सायकल काउंट 143

म्हणजे 59.4 टक्के उरलीय. 40 टक्के गेली. हे वाचून वाईट वाटलं, पण निदान कळलं तरी.

हिस्टरीचा तक्ता वहीत उतरवून त्याचा आलेख काढला, सवयच आहे. पहिलं वर्षभर रेघ जवळपास आडवी, 41,000 च्या वर. घसरण सलग नाहीच, टप्प्याटप्प्याने आहे, आणि प्रत्येक मोठा टप्पा मार्च ते जून या दरम्यानचा. मला कारण लगेच कळलं. पहिल्या वर्षी मी खाली पडवीत बसायचे. माळ्यावर गेले त्यानंतर. तिथे वर पत्रा आहे, आणि उन्हाळ्यात मी सुट्टीतली जादा बॅच दुपारी घेते.

पण दादा, 143 सायकल म्हणजे तीन वर्षांत फारच कमी ना? वापरलीच नाही तर झिजली कशी?

कथील, 9 जुलै, रात्री 9:40

ताई, हाच प्रश्न विचारायला हवा होता आणि तो तुम्ही विचारलात.

बॅटरी दोन तऱ्हांनी म्हातारी होते. एक, वापरून. 100 टक्क्यांइतका वापर मिळून झाला की एक सायकल मोजतात, तो एका दिवसात होवो की चार दिवसांत. दुसरी, नुसती बसून. आणि बसून किती झिजणार हे दोन गोष्टींवर ठरतं: ती किती भरलेली आहे आणि किती तापलेली आहे. पूर्ण भरलेल्या सेलचा दाब साधारण 4.2 व्होल्ट असतो. त्या दाबाला आतली रसायनं एकमेकांशी नको त्या क्रिया करत राहतात, आणि उष्णतेने त्या क्रियांचा वेग वाढतो. तुमची बॅटरी तीन वर्षं जवळजवळ कायम 100 वर होती, वर तापलेला पत्रा, खाली चादर. लॅपटॉपचा पंखा बहुतेक मॉडेलमध्ये तळातून हवा ओढतो. चादरीच्या घडीने ती वाटच बुजली. 143 सायकलची बॅटरी एरवी 85-90 टक्क्यांना बघायला मिळते. तुमची वापराने गेली नाही, उकाड्याने गेली.

एक स्पष्ट करतो, कारण यावर फार गोंधळ असतो. चार्जर लावून काम करण्यात काही गैर नाही. 100 झाल्यावर चार्जिंग थांबतं, ‘जादा चार्ज’ होत नाही. गैर आहे ते कायम काठोकाठ भरून तापत ठेवणं.

आता 22 टक्क्यांचं. टक्का ही मोजलेली वस्तू नाही, तो अंदाज आहे. बॅटरीतली एक छोटी चिप आत किती गेलं, बाहेर किती आलं याचा हिशेब ठेवते आणि त्यावरून टक्का सांगते. तुमची कधी खालपर्यंत उतरलीच नाही, त्यामुळे चिपचा हिशेब तीन वर्षांत ताळ्यावर आलेला नाही. शिवाय जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढतो. जोराचा भार पडला की दाब एकदम खाली येतो आणि लॅपटॉप स्वतःला वाचवायला बंद पडतो. म्हणून 22 ला पडदा पडला.

यासाठी मात्र रानवारांचा उपाय एकदा, फक्त एकदा, उपयोगी आहे. 100 पर्यंत भरा, तासभर तसाच राहू द्या, मग चार्जर काढून आपोआप निजेपर्यंत साधं काम करत राहा, आणि मग मध्ये न थांबता पुन्हा 100 पर्यंत भरा. गेलेली क्षमता याने परत येत नाही, आकडा तेवढा खरा होतो. सुट्टीच्या दिवशी करा, फायली सेव्ह करून.

तोपर्यंत एक तातडीची गोष्ट. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, चेंज प्लॅन सेटिंग्ज, चेंज ॲडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज. तिथे ‘बॅटरी’ उघडा. आधी लो बॅटरी लेव्हल 35 करा, मग क्रिटिकल लेव्हल 25, आणि क्रिटिकल ॲक्शन हायबरनेट. म्हणजे 22 चा खड्डा यायच्या आत लॅपटॉप सगळं डिस्कवर उतरवून व्यवस्थित झोपेल, लिहिलेलं जाणार नाही.

आणि आता तुमचंच गणित. 26.7 वॅट-तासांपैकी 78 टक्के 65 मिनिटांत गेले, म्हणजे 20.8 वॅट-तास. सरासरी 19 वॅट. व्हिडिओ कॉल असला तरी तुमच्यासारख्या लॅपटॉपला हे जास्त आहे. बॅटरी बदलायच्या आधी हे 19 का आहेत ते शोधू. तुमची क्लासची मांडणी सांगा: ब्राइटनेस किती, कॅमेरा चालू असतो का, मागे काय दिसतं, आणखी काय काय उघडं असतं.

नीलमोहर (पुणे), 10 जुलै, सकाळी 8:05

बॅगेतल्या उष्णतेबद्दल मी लिहिते, कारण हाच त्रास मी वर्षभर काढलाय.

पाटीपेन्सिल, तुमची काही चूक नाही. पूर्वी झाकण मिटलं की लॅपटॉप खरंच झोपायचा, फक्त रॅमला थोडी वीज मिळायची. त्याला एस-थ्री म्हणतात. आता बऱ्याच लॅपटॉपमध्ये त्याच्या जागी मॉडर्न स्टँडबाय आलाय. तो मोबाइलसारखा असतो: स्क्रीन बंद, पण आतून अधूनमधून जागा होतो, नेटवर्क बघतो, मेल आणतो, अपडेट करतो. टेबलावर असेल तर फारसं बिघडत नाही. बॅगेत हवा नाही, त्यात एखादा प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर (वाय-फायसारखा आतला भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम) त्याला झोपू देत नसेल तर तो तापतच राहतो.

तुमचा कुठला आहे ते बघायचं तर टर्मिनलमध्ये तीच कथीलदादांची आठ अक्षरं, जागा, स्लॅश आणि नुसतं ए. उत्तरात ‘एस झीरो लो पॉवर आयडल’ असेल तर मॉडर्न स्टँडबाय. टर्मिनल ‘ॲडमिन’ म्हणून उघडून स्लॅशनंतर स्लीपस्टडी लिहिलंत तर एक अहवाल निघतो, त्यात झोपेच्या वेळी कोण जागं होतं आणि बॅटरी किती गेली ते तारीखवार दिसतं. माझ्या बाबतीत तो वाय-फायचा जुना ड्रायव्हर होता.

उपाय: हायबरनेट. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, डावीकडे ‘चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डज’. ‘व्हेन आय क्लोज द लिड’ समोर ‘ऑन बॅटरी’ला हायबरनेट निवडा. यादीत हायबरनेट नसेल तर वरच्या ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’वर क्लिक करून खाली त्याच्यासमोर टिक करा. हायबरनेटमध्ये रॅममधलं सगळं डिस्कवर लिहिलं जातं आणि मशीन पूर्ण बंद होतं. उघडल्यावर वही जिथे सोडली तिथेच. वेळ थोडा जास्त लागतो, एवढंच.

आणि झाकण मिटल्यावर लगेच बॅगेत घालू नका. दिवा विझेपर्यंत थांबा. मी बॅग भरायच्या आधी एकदा हाताने तळ चाचपून बघते.

पाटीपेन्सिल, 10 जुलै, रात्री 11:20

नीलमोहरताई, अगदी तसंच निघालं, एस झीरो. स्लीपस्टडीत रत्नागिरीच्या रात्रीची ओळ सापडली, ती तांबडी आहे. झाकणाला हायबरनेट लावलं. आज रात्री 78 वर मिटला, उद्या सकाळी बघते.

कथीलदादा, माझी मांडणी अशी. ब्राइटनेस पूर्ण, कारण माळ्यावर दिवसा उजेड खूप असतो आणि रात्री कमी करायचं लक्षात राहत नाही. कॅमेरा पूर्ण वेळ चालू. मागची बाजू धूसर केलेली असते. त्याचं कारण सांगते. पावसात कपडे घरातच वाळत घालावे लागतात आणि दोरी नेमकी माझ्या मागे येते. समोर एका वेळी पंधरासोळा मुलांच्या चौकटी उघड्या, कारण मला त्यांचे चेहरे दिसायला हवेत, कुणाला कळलं नाही ते चेहऱ्यावरूनच समजतं. शिवाय ब्राउझरमध्ये प्रश्नपत्रिका, पाठ्यपुस्तकाची पीडीएफ, मोबाइलचा व्हॉट्सॲप तिथेच उघडलेला, आणि लिहायचा पांढरा फळा.

कथील, 11 जुलै, सकाळी 7:10

ताई, तुमची धूसर पार्श्वभूमी वीज खातेय. कॅमेऱ्याच्या प्रत्येक चित्रात तुम्ही कुठे संपता आणि दोरी कुठे सुरू होते हे लॅपटॉप सेकंदाला पंधरा-वीस-तीस वेळा शोधत बसतो. तेवढ्याने पंखा घोंघावतो. दोरीच्या पुढे एक साधी चादर टांगा, गडद एकरंगी. डब्यावरची घडी मोकळी होणारच आहे, तीच वापरा. धूसर बंद.

मुलांचे चेहरे हवेत ते पटतं. शिकवताना बोलणाऱ्याचीच चौकट ठेवा, उदाहरण सोडवायला दिलं की सगळे उघडा. तेव्हाच तुम्हाला चेहरे बघायचे असतात ना?

बाकी भराभर सांगतो. सेटिंग्ज, सिस्टिम, पॉवर अँड बॅटरी, तिथे पॉवर मोड ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’. ब्राइटनेस रात्री 45 च्या आसपास. बॅकलिट कीबोर्ड असेल तर तो विझवा. त्याच पानावर खाली कुठल्या ॲपने किती बॅटरी खाल्ली याची यादी येते, ती एकदा क्लास संपल्यावर बघा. ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट दिसत असेल तर ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ बॅटरीवर 99 करा. 100 चे 99 म्हणजे एक टक्का कमी असं वाटेल, पण प्रोसेसरची टर्बोची, म्हणजे मध्येच वेग वाढवायची, उसळी त्याने थांबते. शिकवायला ती लागत नाही. काही लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असतो, नसेल तर सोडून द्या.

लॅपटॉपखालची चादर आजच काढा. डबा राहू द्या, त्यावर काहीतरी टणक ठेवा ज्याने तळाला बोटभर फट राहील.

मग एक बॅच मुद्दाम बॅटरीवर घ्या, लाइट असताना. सुरुवातीचा आणि शेवटचा टक्का लिहा.

चिंचपाणी (नागपूर), 11 जुलै, दुपारी 1:30

छान धागा आहे. आमच्याकडे मे महिन्यात उष्णता काय करते ते वेगळं सांगायला नको. मी लॅपटॉप गाडीत ठेवत नाही, अगदी दहा मिनिटांसाठीसुद्धा नाही.

कथीलदादा, 80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते ना? ताईंना ती सांगा. मी लिनक्स वापरतो, तिथे बॅटरीच्या सिस्टिम फोल्डरात ‘चार्ज कंट्रोल एंड थ्रेशोल्ड’ नावाची फाइल असते. माझ्या लॅपटॉपवर त्यात 80 लिहिलं की काम झालं. दोन वर्षं झाली, क्षमता अजून 90 च्या वर आहे.

कथील, 11 जुलै, रात्री 10:15

चिंचपाणी, सांगणारच होतो. विंडोजवर ही सोय लॅपटॉप बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंग्जमध्ये) असते. लेनोव्होमध्ये व्हँटेज ॲपात ‘कन्झर्व्हेशन मोड’, एसुसमध्ये मायएसुस ॲपात ‘बॅटरी केअर’, एचपीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये बायोसमधला ‘बॅटरी हेल्थ मॅनेजर’, डेलमध्ये ‘प्रायमरिली एसी यूज’ किंवा स्वतः टक्के ठरवायचा कस्टम पर्याय. सगळ्या मॉडेलना नसते, पण बघावं.

ताईंना ती बारा महिने लावा असं मात्र मी सांगणार नाही. 80 वर थांबवली तर लाइट जाईल त्या दिवशी 20 टक्के कमी हातात असतील. त्यांना बॅटरी पाहिजे ती नेमकी जून ते सप्टेंबर. म्हणून माझा सल्ला असा: ऑक्टोबर ते मे 80 ची मर्यादा चालू, उन्हाळ्यात तर नक्कीच. पावसाळ्यात दिवसभर 80, आणि क्लास असेल त्या दिवशी पाच वाजता मर्यादा काढायची. साडेसहापर्यंत 100 होते. रात्री क्लास संपला की पुन्हा 80. रोज आठवण ठेवावी लागेल, पण बॅटरी भरलेल्या अवस्थेत दिवसाचे चारपाच तासच राहील, चोवीस नाही.

पाटीपेन्सिल, 21 जुलै, रात्री 10:50

मंडळी, दहा दिवस मुद्दाम थांबले, मोजून लिहायचं होतं.

हायबरनेट: रात्री 78, सकाळी 78. बॅग थंड. झाकण मिटल्यावर दिवा विझायला माझ्याकडे 20-25 सेकंद लागतात, तेवढं मी थांबते. गेल्या आठवड्यात पुन्हा रत्नागिरीला गेले, एसटीत मांडीवर बॅग घेऊन बसले आणि वाटेत दोनदा हात लावून बघितला.

मांडणी: दोरीपुढे निळी चादर टांगली. डब्यावर आता भूमितीच्या दोन जाड लाकडी पट्ट्या समांतर ठेवल्यात, त्यावर लॅपटॉप. खालून बोट आरपार जातं. पंख्याचा आवाज जवळजवळ थांबला. एका मुलीने विचारलं, मॅडम, आज तुमच्याकडे पाऊस नाही का? तिला इतके दिवस तो आवाज पावसाचाच वाटत होता.

12 तारखेला एक बॅच बॅटरीवर घेतली. 75 मिनिटं, 100 वरून 44. म्हणजे 26.73 चे 56 टक्के, 14.97 वॅट-तास, भागिले सव्वा तास. बरोबर 12 वॅट. 19 चे 12, एक रुपया खर्च न करता. मी ते फळ्यावर मुलांकडूनच सोडवून घेतलं.

13 ला रविवार होता, तेव्हा सांगितलंत तसं एकदा पूर्ण उतरवून भरली. नवीन अहवालात फुल चार्ज 24,100 आलं. कमी झालं म्हणून आधी धस्स झालं, मग तुमचं वाक्य आठवलं, आकडा खरा झाला. आता 22 ला बंद पडत नाही, 8-9 पर्यंत सरळ उतरते. म्हणून क्रिटिकल 10 आणि लो 20 करून ठेवलंय.

आणि काल परीक्षा झाली. 6:40 ला लाइट गेली, 8:20 ला आली. पहिली बॅच पूर्ण, दुसरीची वीस मिनिटं. लाइट आली तेव्हा 18 टक्के होते. मुलांना काही कळलंच नाही.

24.1 भागिले 12 म्हणजे दोन तास. दोन्ही बॅचना मधल्या सुट्टीसकट पावणेतीन तास लागतात, म्हणजे पाऊण तास अजून कमी पडतोच. नवी बॅटरी दिवाळीच्या सुट्टीत घ्यायची ठरवलीय. दादा, घेताना काय बघू? आणि जुनीचं काय करू?

कथील, 22 जुलै, सकाळी 7:00

ताई, 19 चे 12 वाचून दिवस चांगला सुरू झाला. माझ्या बाकावर निम्मे लोक बॅटरी बदला म्हणूनच येतात, पण वॅट कुणी मोजून आणत नाही.

घेताना: लॅपटॉप उघडून जुन्या बॅटरीवरच्या स्टिकरचा फोटो काढा. उघडायचा धीर होत नसेल तर दुकानात समोर उघडायला सांगा, फोटो मात्र स्वतः काढा. त्यावर पार्ट नंबर, व्होल्ट आणि वॅट-तास असतात. नवीचा पार्ट नंबर आणि व्होल्ट तोच हवा. गुणाकार करून बघा: व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॅट-तास. 11.4 व्होल्ट आणि 3.95 अँपिअर-तास असेल तर 45 येतात. त्याच आकारात, त्याच किमतीत कुणी 60 लिहून देत असेल तर घेऊ नका. बसवल्यावर दुकानातच अहवाल काढायला सांगा. डिझाइनच्या जवळपास फुल चार्ज आणि सायकल अगदी थोड्या दिसायला हव्यात. उत्पादनाची तारीखही बघा, दोन वर्षं गोदामात पडलेली नको, बसूनही झिजते हे तुम्हाला आता माहीत आहे.

जुनी घंटागाडीत टाकू नका, दाबली गेली तर पेटते. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे, त्यामुळे सर्व्हिस सेंटरला परत घेता का विचारा, किंवा ई-कचरा घेणाऱ्याला द्या. तोपर्यंत कनेक्टरच्या पिनांवर चिकटपट्टी लावून कोरड्या, थंड जागी ठेवा. माळ्यावर नको.

नवी बसली की पहिल्या दिवसापासून 80 ची मर्यादा लावा. आणि मार्चमध्ये लॅपटॉप घेऊन खाली पडवीत या.

पाटीपेन्सिल, 22 जुलै, दुपारी 3:40

पडवीत टेबल आजच लावलं. दोरी माळ्यावर गेली.